नेमातचा रंगवलेला रांजण

नेमात अतबारा शहरात आली ती ऐन उन्हाळ्यात. बाबिकर रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात सुतार होता. लग्नानंतर बऱ्याच महिन्यांनी त्याला रेल्वेच्या वस्तीत घर मिळालं, आणि मग तो तिला रोसेरेसहून घेऊन आला. गाडीतून उतरल्याबरोबर तिने अंगाभोवतीचा तोब तोंडावर ओढून घेतला आणि विचारलं,

"इथं जवळपास कुठं आग लागलीय का?"

"नाही," बाबिकर म्हणाला. "हे असंच असतं."

"कुठवर?"

त्याने तिची पेटी उचलली आणि चालू लागला. तो खोटं बोलत नसे, आणि खरं सांगायची ती वेळ नव्हती.

रोसेरेसला तिच्या आईच्या घरामागे आंब्याची झाडं होती आणि झाडांमागे नदी. इथेही नदी होती, पण काठावरून थोडं मागे सरलं की लगेच वाळू सुरू व्हायची ती नजर पोचेल तिथवर. पत्र्याच्या फाटकाची कडी तोबाचा पदर धरल्याशिवाय उघडता येत नसे. दुपारी नळ सोडला तर चहाला आधण ठेवायची गरज नाही असं पाणी यायचं. बाजेवर निजावं तर तिची सुंभंसुद्धा तापलेली. पहिल्याच आठवड्यात हबूब, म्हणजे वाळूचं वादळ, आला, आकाशाएवढी तांबडी भिंत चालत यावी तसा, आणि तो गेल्यावर नेमातने भाकरीच्या पिठातून, केसांतून आणि कानांतून वाळू काढली. तिने मनाशी ठरवून टाकलं की या गावात गार असं काही नसतंच. माणसं सवयीने जगतात. आपणही जगू.

गल्लीतली एक गोष्ट मात्र तिला फार आवडली. बऱ्याच घरांच्या फाटकाबाहेर लाकडी तिवईवर मातीचा रांजण होता, वर झाकण, झाकणावर पत्र्याचा पेला. घरातल्या कुणा गेलेल्या माणसाच्या नावाने तो ठेवलेला असायचा. वाटसरूने यावं, पाणी प्यावं, तळहात समोर धरून त्या माणसासाठी दुवा मागावी आणि पुढे जावं. ओळख लागत नाही की विचारावं लागत नाही.

नेमातची आई, फदीला, जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. आईच्या शेवटच्या आजारात नेमातला तिच्याजवळ पोचता आलं नव्हतं. ती तेव्हा सासरच्या खेड्यात होती आणि मधले रस्ते पावसाने वाहून गेले होते. तेव्हा रांजण ठेवायचा तो आईच्या नावाने, हे तिने त्याच दिवशी ठरवलं.

बाबिकरने बाजारातून चांगला खणखणीत रांजण आणला. नेमात म्हणाली, "आता रंग आण."

"पाण्याच्या रांजणाला?"

"माझी आई रंगवायची. आमच्या घरात सगळे रांजण रंगवलेले होते."

ते खरं होतं, पण ते रांजण ज्वारीचे होते. आईच्या आठवणीत बुडालेल्या नेमातच्या डोक्यात हा फरक आला नाही, आणि तिचे डोळे भरून आलेले पाहून बाबिकरने मान डोलावली. डब्यांना लावून उरलेला हिरवा आणि साईच्या रंगाचा तेलरंग तो घेऊन आला. नेमातने आईच्या हातची नक्षी आठवून आठवून काढली: खाली लाटा, मधे मासे, गळ्याभोवती ठिपक्यांची माळ. रंग वाळल्यावर तो रांजण फाटकाबाहेर असा काही दिसू लागला की येणारं जाणारं थांबून बघे.

थांबून बघे, आणि पुढे जाई.

पुढे म्हणजे शेजारच्या बतूलच्या दाराशी.

बतूलचा रांजण पाहून कुणालाही किळस यावी असं नेमातचं मत होतं. पोट शेवाळाने हिरवं पडलेलं, कड फुटकी, आणि सतत गळका. खालची वाळू कायम ओली. त्या ओलीवर बतूलने पुदिना लावला होता, पारव्यांची तिथे वर्दळ असे, आणि कुणाची तरी शेळी रांजणाच्या बुडाशी जीभ लावून उभी असे. नेमातचा रांजण थेंबभरही गळत नव्हता. खालची वाळू खडखडीत कोरडी. त्याचा तिला केवढा अभिमान.

पण दूधवाला गाढवावरून उतरायचा तो बतूलकडे. शाळेतून येणाऱ्या मुली घोळक्याने थांबायच्या त्या बतूलकडे. बतूल विधवा होती, नेमातपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, अंगाने भरलेली आणि हसली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारी. तिचा नवरा तय्यब इंजिन चालवायचा. रांजण त्याच्या नावाचा. दिवसभरात निदान शंभर माणसं हात पसरून तय्यबसाठी दुवा मागत. नेमात फाटकाच्या फटीतून ते पाही, आणि तिला वाटे, हा तय्यब आतापर्यंत स्वर्गाच्या पार आतल्या बागेत जाऊन बसला असेल आणि माझी आई अजून दाराशीच उभी असेल, कुणी तरी नाव घेईल म्हणून वाट बघत.

एकदा तिने धीर करून म्हातारे हाजी इदरीस काठी टेकत चालले होते त्यांना हाक मारली.

"हाजी, या ना. इथं पाणी आहे."

हाजी थांबले. रांजणाकडे त्यांनी नीट निरखून पाहिलं. "आहे ना, पोरी. फार देखणा रांजण आहे. मासे तर आत्ता उडी मारतील. तुझ्या आईवर अल्लाची कृपा असो."

"मग प्या ना."

"आत्ताच प्यायलो," हाजी म्हणाले, आणि बतूलच्या दाराशी जाऊन पेलाभर पाणी गटागटा प्यायले.

हाजींना दोष देता येत नाही. मेलेल्या माणसाच्या नावाने ठेवलेल्या पाण्याला वाईट म्हणायचं नाही, अशी तिथली रीत. कोमट असो, खारट असो, गढूळ असो, प्यायचं तर दुवा मागून प्यायचं, नाही तर मुकाट्याने पुढे जायचं. त्यामुळे गल्लीतल्या एकाही तोंडाने नेमातला काही सांगितलं नाही. ती स्वतः आपल्या रांजणातलंच पाणी पीत होती. ते ऊन लागायचं, पण या गावात सगळंच ऊन होतं. बतूलच्या रांजणाचा पेला तिने कधी हातात धरला नव्हता. जीव गेला तरी धरणार नव्हती.

मग एक दिवस कारखान्याचा भोंगा झाला, सायकलींचा लोंढा गल्लीत शिरला, आणि नेमात फटीशी उभी होती. बाबिकरची सायकल तिने लांबूनच ओळखली. ती घरापर्यंत आली नाही. बतूलच्या कडुनिंबाखाली थांबली. बाबिकर उतरला, पेला भरून प्यायला, पुन्हा भरून प्यायला. बतूल फाटकात उभी होती. ती काहीतरी म्हणाली, तो मान खाली घालून काहीतरी बोलला, आणि बतूल हसली. मग त्याने तळहात समोर धरले, तय्यबसाठी.

घरी आल्यावर नेमातने त्याच्यापुढे पेला ठेवला. "पाणी घे."

"नको. तहान नाही."

"कारखान्यातून इतक्या उन्हात आलास, आणि तहान नाही?"

"वाटेत प्यायलो," बाबिकर म्हणाला, आणि बूट सोडत राहिला.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. नेमातने आईच्या रांजणावर रंगाचा आणखी एक हात दिला. ठिपके ठळक केले. स्वतः नवा तोब नेसून भोंग्याच्या वेळी फाटकात उभी राहिली. बाबिकर त्या दिवशी बतूलच्या दाराशी थांबला नाही. घरी आला, नेमातने दिलेला पेला हातात घेतला, एक घोट घेतला, आणि तिची पाठ वळल्यावर उरलेलं पाणी अंगणात ओतलं. वाळूवरचा ओला डाग तिने पाहिला. माझ्या आईचं पाणी हा वाळूत ओततो, आणि त्या बाईचं मिटक्या मारत पितो.

फाटक वाऱ्याने आपटू नये म्हणून तिने एक दगड लावून ठेवला होता, रुळांखालच्या खडीतला, काळा आणि धारदार. दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळी गल्ली दारं लावून पडलेली असताना, तिने तो दगड उचलला.

तिच्या फाटकापासून बतूलच्या रांजणापर्यंतचं अंतर ते काय. पण तेवढ्यात वाळूने चपलेतून तळवे भाजले, आणि दगड तर हातात निखाऱ्यासारखा. कडुनिंबाखाली पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोल सावरायला तिने दुसरा हात पुढे केला, तो रांजणाच्या ओल्या पोटावर टेकला.

तिने हात झटकन मागे घेतला. मग पुन्हा ठेवला.

गार होता. रोसेरेसला पहाटे नदीत हात घातला की लागायचा तसा गार. अतबारात आल्यापासून तिच्या हाताला गार असं काही लागलंच नव्हतं. तिने झाकण सरकवलं, पेला बुडवला आणि प्यायली. डाव्या हातात दगड तसाच होता. दुसऱ्यांदा पेला भरताना फाटकाची कडी वाजली.

बतूल दारात उभी होती, झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले. तिने नेमातकडे पाहिलं. दगडाकडे पाहिलं. दगडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"झाकणावर ठेवायला आणलास?" ती म्हणाली. "बरं केलंस गं. परवा वाऱ्यानं झाकण पार मशिदीपर्यंत नेलं." आणि तिने नेमातच्या हातातून तो दगड काढून घेऊन झाकणावर ठेवला, नीट बसतो का ते बघून.

नेमातला वाटलं, वाळूत शिरावं.

"बैस सावलीत. चेहरा बघ कसा झालाय. आणखी पी."

"तुमचा रांजण गार कसा?" नेमातच्या तोंडून एवढंच निघालं.

"गळतो म्हणून. अंगातून घाम निघाला की माणूस गार पडतं ना, तसं. तुझ्या रांजणाला तू रंग फासून अंगभर कातड्याचा कोट घातलायस. त्या बिचाऱ्याला घाम येणार कुठून?"

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"मेलेल्या आईचं पाणी ते. वाईट कोण म्हणणार?"

"आत्ता म्हणालात की."

"मी रांजणाला म्हणाले. पाण्याला कुठं म्हणाले?" बतूल पायरीवर बसली. "तुझ्या नवऱ्याला मी रोज सांगते, अरे, तुझी बायको आहे, तू सांग. तर म्हणतो, तिनं आईची आठवण काढत एकेक मासा काढलाय, मी कुठल्या तोंडानं सांगू? खोटं बोलता येत नाही म्हणून घरी पीत नाही, आणि खरं बोलवत नाही म्हणून इथं पितो. असा नवरा. तय्यब असता तर पहिल्याच दिवशी गल्लीभर ओरडला असता."

नेमातच्या मनावरचं ओझं उतरायला हवं होतं. थोडं उतरलंही. पण त्याच्या जागी लगेच दुसरं येऊन बसलं: जे मला सांगायचं, ते हा हिला सांगतो.

त्याच संध्याकाळी ती बाबिकरला म्हणाली, "उद्या नवा रांजण आण. रंग नको." बाबिकरने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा मोकळा झाला की तिला रागही धड धरता येईना. रंगवलेला रांजण तिने आत नेऊन कोपऱ्यात ठेवला आणि ज्वारीने भरला. मासे तिथे शोभून दिसले. आईच्या घरातही ते ज्वारीवरच पोहत होते, हे तिला तेव्हा आठवलं.

नवा रांजण बतूलने सांगितल्याप्रमाणे तिने भरला, ओतला, पुन्हा भरला, पाण्याला मातीचा वास येईनासा होईपर्यंत. मग तो पाझरू लागला. खालची वाळू काळसर झाली, आणि पहिला पारवा येऊन तिथे चोच मारून गेला, तेव्हा तिने झाकणावर पेला ठेवून तो वाटसरूंसाठी खुला केला. बाबिकरला त्या दिवशी मुद्दाम काही सांगितलं नाही.

भोंगा झाला. नेमात फटीशी उभी राहिली. बाबिकरची सायकल आली आणि सवयीने बतूलच्या कडुनिंबाखाली थांबली. त्याने झाकणावरच्या काळ्या दगडाला हात घातला.

"पाणी नाही," बतूलचा आवाज आतून आला. "रांजण धुतलाय आज."

बाबिकरने झाकण उचलून पाहिलं. "काठोकाठ भरलाय की."

"मी नाही म्हटलं ना? पुढं हो."

तो पुढे आला. आपल्या फाटकापाशी उभा राहिला, नव्या रांजणाच्या ओल्या पोटावर त्याने तळवा ठेवला, आणि पेला भरून प्यायला. पुन्हा भरून प्यायला. मग तळहात समोर धरून फदीलाचं नाव घेतलं, सावकाश, तिच्या बापाच्या नावासकट. फाटकामागे नेमातने तोबाचा पदर तोंडात धरला होता. आईचं नाव या गावात पहिल्यांदाच तिच्या कानावर पडत होतं.

तो आत आल्यावर तिने डोळे पुसून विचारलं, "कसं आहे?"

"गार आहे. फार गार आहे."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण ती नेमात होती. "तिच्यापेक्षा?"

बाबिकरने विचार केला. तो खोटं बोलत नसे. "तिचं थोडं जास्त असेल. तिच्या रांजणावर कडुनिंबाची सावली आहे ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा होण्याआधी बाबिकर उठला तर बाहेर काहीतरी ओढल्याचा आवाज येत होता. नेमात एकटीच, तोब कमरेला खोचून, तिवई इंच इंच सरकवत होती. बतूलच्या कडुनिंबाची एक फांदी कुंपणावरून इकडे आली होती, तिच्या सावलीकडे.

"मला हाक मारायची," बाबिकर म्हणाला.

"बोलू नकोस. धर."

पुढे त्या दोन रांजणांवरून गल्लीत बरीच थट्टा झाली. हाजी इदरीस दोन्हीकडे अर्धा अर्धा पेला पिऊ लागले, गल्लीत शांतता राहावी म्हणून, असं ते सांगत. नेमातला मुलं झाली, तिचा रांजणही शेवाळाने हिरवा पडला, आणि नव्याने आलेल्या बायकांना ती स्वतःहून सांगू लागली की रंग लावू नका. पण बतूलच्या दाराशी सायकल थांबल्याचा आवाज आला की हातातलं काम टाकून ती अजूनही फटीशी जाते. झाकणावरचा काळा दगड उचलल्याचा खट्ट आवाज तिला बरोबर ओळखू येतो.