नोंद तेवीस : परत घेणे बाकी

मागच्या वर्षी फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार. खर्च आठशे रुपये, मोडी वाचून दाखवण्याचे. हजर तिघे : मी, मोडी वाचणारे अभ्यंकरकाका आणि ठाण्याच्या रेकॉर्ड रूमचे क्लार्क. हे आधीच लिहितोय, कारण पुढचं वाचून तिथे कोण कोण होतं, हाच पहिला प्रश्न तुम्ही विचाराल.

मी छप्पन वर्षांचा, डोंबिवलीला राहतो, एका कंपनीत अकाउंट्स बघतो. भूत, करणी, संकेत... यातलं काही कधी मानलं नाही. बेरीज जुळली नाही तर चूक आपली, एवढंच मला माहीत.

आई चौऱ्याऐंशीची होती. माहेर बाळकुमचं, तिथे भातशेती होती तेव्हाचं. दिवाळीनंतर तिचं खाणं कमी झालं आणि एकच विषय सुरू झाला.

"सुधीर, मला मोठी बहीण होती रे. मी पाच वर्षांची असताना तापाने गेली. आम्ही बाय म्हणायचो तिला. खरं नाव काही केल्या आठवत नाही."

दोन्ही मामा आईच्या पाठचे. ते म्हणाले, अशी कुणी नव्हतीच.

"होती," आई म्हणायची. "ती गेली तेव्हा बाबांनी कुणाला रडू दिलं नाही. सुतकसुद्धा पाळलं नाही. असं का केलं असेल? नाव तरी शोध. एकदा हाक मारायची आहे."

शाळेच्या कागदांत ती नव्हती, मृत्यूच्या नोंदीत नव्हती. उरलं गावचं जन्माचं रजिस्टर. काका एकेक नोंद वाचत होते, मी वहीत उतरवत होतो, समासात क्रमांक टाकत होतो. आईच्या आधीच्या वर्षांची बाळकुमची सगळी पानं झाली. एक्केचाळीस नोंदी. आजोबांच्या नावावर दोन मुलगे निघाले, दोघांपुढेही तान्हेपणीच गेल्याचा शेरा. मुलगी नाही.

सवयीप्रमाणे मी दोघांकडून नोंदी मोजून घेतल्या आणि वहीवर सह्या मागितल्या.

"साहेब, पूर्वज शोधायला आलात की ऑडिटला?" काका म्हणाले. पण सही केली. एकूण ४१, खाली तिघांच्या सह्या.

रविवारी सकाळी आई म्हणाली, "तिचं नाव नाही ना, मग बाकीच्यांची वाच. शेजारपाजारची पोरं तरी ऐकते." बायको बाजूला मटार सोलत बसली होती. बाविसावी नोंद वाचली, तेविसावी वाचायला लागलो...

'मुलगी, नाव वेणू. पसाभर तांदळास सुईण भिकूबाईस दिली. परत घेणे बाकी.'

अक्षर माझं. पेन तेच. खाडाखोड नाही, ओळ दाटीने घुसवलेली नाही. पुढचे क्रमांक सरळ चोवीस, पंचवीस – शेवटचा बेचाळीस. आणि त्याखाली सह्या, एकूण ४१.

आईने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "दिली होती होय तिला..."

तिनेच मला समजावलं. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे पुढचं मूल सुईणीला विकायचे. नावापुरतंच, राहायचं घरीच. मरणाला वाटावं, हे या घरचं नाही. लग्नाआधी तेवढेच तांदूळ देऊन परत घ्यायचं.

"बाय त्याआधीच गेली. म्हणजे परक्याची म्हणून गेली. परक्याच्या पोरीसाठी कोण रडू देणार?"

मग तिने "वेणू" अशी हाक मारली आणि रडली. एकोणऐंशी वर्षांनी. बायको तिला धरून बसली.

मंगळवारी पुन्हा ठाण्याला गेलो. काकांनी रजिस्टर उघडलं. बाविसाव्या नोंदीखाली होती ती माझ्या वहीतली चोविसावी.

"मी हे वाचलेलं नाही," काका म्हणाले. "आणि जन्माच्या रजिस्टरात असलं कुणी लिहीत नाही." त्या दिवशी त्यांनी पैसे घेतले नाहीत.

आईने लिहिलं म्हणावं, तर मोतीबिंदूमुळे दोन वर्षं तिला सहीसुद्धा जमत नव्हती.

घरी आलो तर आईने तांदळाचा डबा पुढ्यात घेतलेला. "परत घे तिला. माझ्या हाताने मोजते." तीनदा सांडले. चौथ्यांदा पसा भरला, तो मी रुमालात बांधला.

"उद्या जा," ती म्हणाली.

"उद्या ऑफिस आहे गं. रविवारी जातो."

शुक्रवारी दुपारी आई गेली.

चौदाव्या दिवशी मी बाळकुमला गेलो. टॉवरांच्या मागे, जुन्या गावठाणात, विचारत विचारत भिकूबाईंच्या नातीकडे पोचलो. सुमनताई, सत्तरीच्या. म्हणालो, "माझ्या आईच्या बहिणीला तुमच्या आजीने तांदूळ देऊन घेतलं होतं. परत न्यायला आलोय."

"वेनूला?"

मी नाव सांगितलं नव्हतं.

"आजी सांगाची," त्या म्हणाल्या, "सगल्यांनी आपापली पोरं नेली. येक वेनूच राहिली. तिचा कोनी आलाच नाय."

म्हणजे वेणू होती. पण ती ओळ माझ्या वहीत, माझ्या अक्षरात कशी आली, ते मला आजही सांगता येत नाही. बेरीज मी कितीतरी वेळा करून पाहिली आहे.

शेवटी दिले ते पसाभर तांदूळ, आईने मोजलेले. सुमनताईंनी ते पदर पसरून घेतले आणि म्हणाल्या, "न्या आता तुमच्या मावशीला."

हाक मारणारी आई आता नव्हती; न्यायचं कुणाकडे, ते मी त्यांना विचारलं नाही.