गिरनेवाला साहब

आमचे साहेब फार सुंदर पडत. शिडीवरून, परांचीवरून, सांडलेल्या तेलावरून घसरून, नाहीतर नुसतीच उन्हाने भोवळ येऊन. साठीला टेकलेला सहा फुटी अमेरिकन माणूस असा कोसळायचा की बघणाऱ्याने सावरायला धावावं. आखातातल्या मुसफ्फामधल्या ज्या बांधकाम कंपनीत मी सेक्रेटरी होते, तिथे कामगारांना सुरक्षिततेचे धडे द्यायला त्यांना आणलं होतं. कामगार मल्याळी, पठाण, बंगाली, तमिळ. एका भाषेत सांगावं तर बाकीचे जांभया देणार. साहेबांनी तो प्रश्नच ठेवला नव्हता. ते बोलतच नसत. हेल्मेट न घालता वर चढणारा कामगार तेच, त्याच्यावर खेकसणारा फोरमन तेच, धावत येणारा डॉक्टर तेच आणि शेवटी गावाकडे फोन उचलणारी बायकोही तेच. त्या बायकोपाशी आले की इतका वेळ खिदळणारी माणसं चिडीचूप व्हायची. मग साहेब उठून पॅन्ट झटकत आणि त्यांना येत असलेलं एकुलतं एक हिंदी भाषण करत, "मैं रोज मरता. तुम एक बार. खलास."

कामगारांनी त्यांचं नाव 'गिरनेवाला साहब' ठेवलं होतं. त्यांना ते फार आवडायचं.

दुपारी ते माझ्या डब्यातलं थालीपीठ हक्काने तोडून घेत आणि जुन्या गोष्टी सांगत. बोलत अर्थात इंग्रजीतच, मी आपल्या भाषेत सांगते आहे. उभी हयात त्यांनी नाटक-सिनेमात घालवली होती. रंगभूमीवर राजे केले, विदूषक केले, एका नाटकात तर आजीबाई केली. सिनेमात वकील, पाद्री, खिसेकापू, दोनदा प्रेत. नाव मात्र झालं नाही. "तू मला पाहिलं असशील," ते म्हणायचे, "पण हा मी, हे तुला कळलं नसेल. कळलं असेल तर माझं काम चुकलं." असा माणूस आमच्या धुळीत येऊन शिडीवरून का पडतो, याचे मी मनातल्या मनात बरेच तर्क केले होते. दारू, बायका, जुगार. आपल्या मध्यमवर्गीय डोक्याची धाव तेवढीच.

खरं कारण कळलं ते साहेब आमच्या घरी जेवायला आले तेव्हा. माझी मुलगी मुक्ता तेव्हा बारा वर्षांची. इथेच वाढलेली, मी मराठीत विचारावं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावं असा आमचा संसार. तिने व्हिडिओच्या दुकानातून साहेबांचा एक सिनेमा हुडकून काढला आणि त्यांना खूश करायला जेवणानंतर लावला. त्यात साहेब वकील होते. कोर्टात उभं राहून ते बोलायला लागले ते थांबेचनात. इतकं लांब भाषण, आणि एकेक शब्द नाण्यासारखा खणखणीत. मुक्ता टाळ्या वाजवायला लागली. साहेब खुर्चीत पुढे वाकून टीव्हीकडे बघत होते. म्हणाले, "हा माणूस एवढं सगळं लक्षात कसं ठेवतो?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

मी त्यांना खाली सोडायला गेले तेव्हा त्यांनी सांगितलं. तिकडच्या शेवटच्या नाटकात भर प्रयोगात ते कोरे झाले होते. पुढचं वाक्य नाही, मागचं नाही, आपण कोण तेही नाही. पडदा पाडावा लागला. "आमच्या धंद्यात ही बातमी लपत नाही," ते म्हणाले. "फोन यायचे बंद झाले. शब्द मला सोडून चाललेत. पडणं अजून जमतं." मग म्हणाले, "एकदा, फक्त एकदा, नाटक शेवटपर्यंत करून पडद्यामागे जायचं होतं. स्वतःच्या पायांनी."

माझा जीव अगदी गलबलला. पण करणार काय? मी कंपनीत सेक्रेटरी आणि इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात प्रॉम्प्टर. आता हा दुसरा हुद्दा मी असाच बोलण्याच्या ओघात सांगितला, तर साहेब जागीच थबकले. प्रॉम्प्टर म्हणजे काय करतेस, म्हणाले. म्हटलं, विंगेत वही घेऊन उभी राहते, नट अडला की शब्द देते.

"तालमीत?"

"प्रयोगात."

"आणि नटाला लाज नाही वाटत?"

"लाज कसली? आमच्याकडे नट पाठांतर कमी आणि भरवसा जास्त ठेवतात."

त्यावर ते हात हलवून निघून गेले. पण पुढच्या शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी, आमच्या तालमीला हजर! तालमी चालत बर्वेकाकांच्या वर्कशॉपमध्ये. काकांचा लोखंडी दारं-खिडक्या बनवण्याचा धंदा, आणि गणपतीतलं नाटक बसवण्याचा ध्यास. त्या वर्षीच्या नाटकात कोकणातल्या खेड्यात तीस वर्षं काढलेला एक म्हातारा गोरा डॉक्टर होता. साहेब म्हणाले, तो मी करतो. काका हरखलेच. "यल्ला! खराखुरा गोरा! दाढीच्या विगाचे चाळीस दिरहॅम वाचले, म्हणजे चारशे रुपये की हो! आणि साहेब, भाषा कशी, 'टुम कैसा हाय' अशी मोडकी ठेवू. पब्लिक लोळेल हसून."

मी भाषांतर करून सांगितलं. साहेबांनी शांतपणे मान हलवली. "तीस वर्षं त्या गावात राहिलेला माणूस असा बोलणार नाही. मी नीट बोलेन. प्रॉम्प्टरबाई, शिकव."

'प्रॉम्प्टरबाई' हा शब्द ते त्या दिवशी काकांकडून शिकले आणि मला जन्माचा चिकटवून गेले.

शिकवता शिकवता मी एकदा न राहवून विचारलं, इंग्रजी पाठ होत नाही तर मराठीच्या वाटेला कशाला जाता? ते म्हणाले, "माझ्या भाषेत विसरलो तर लोक म्हणतील, म्हातारा संपला. तुझ्या भाषेत विसरलो तर म्हणतील, बिचारा परका आहे." मी वही मिटून पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

वाक्यं मोजकीच होती. शेवटच्या प्रवेशात डॉक्टर गाव सोडून निघतो. गावातली एक पोर, म्हणजे आमची मुक्ता, त्याला विचारते, "डॉक्टर, परत कधी येणार?" आणि तो म्हणतो, "बाळ, गेलोय कुठे मी? इथेच तर आहे." त्यातला 'बाळ' घोटायला त्यांनी दोन शुक्रवार घेतले. वर्कशॉपमधला पठाण वेल्डरसुद्धा जाता-येता "बाळ, बाळ" करायला लागला होता.

एका तालमीत ते त्या वाक्याआधी थांबले. अडले असं समजून मी तत्परतेने शब्द दिला, तर साहेब गर्रकन वळून ओरडले, "तो माझा पॉज होता!" काका दचकले, मुक्ता तर रडवेली झाली. मग तेच ओशाळले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "चूक तुझी नाही. दोन्ही शांतता सारख्याच दिसतात. तू माझ्या डाव्या हाताकडे बघत जा. मी थांबलो असेन तेव्हा तो काहीतरी करत असतो. टोपी चाचपेल, बटण चाचपेल. मी हरवलो की तो मरतो." त्या दिवसापासून माझा एक डोळा वहीत आणि एक त्यांच्या डाव्या हातावर असायचा.

प्रयोगाच्या दिवशी नारळ फुटला, साहेबांनी काकांसकट सगळ्यांच्या पाया पडून घेतलं, अगदी मुक्ताच्याही. तिसरी घंटा झाली. पहिले दोन अंक सुरळीत गेले. मी चार-पाच ठिकाणी शब्द दिले, त्यांनी ते इतक्या सहज उचलले की पहिल्या रांगेलाही कळलं नसेल. शेवटचा प्रवेश आला. मुक्ताने विचारलं, "डॉक्टर, परत कधी येणार?"

शांतता. त्यांच्या डाव्या हातात टोपी होती, बोटं तिच्या कडेवरून फिरत होती. मी वहीतल्या ओळीवर बोट ठेवून वाट पाहिली. आणि मग बोटं थांबली.

मी शब्द दिला. चेहऱ्यावर काही नाही. पुन्हा दिला, मोठ्याने. नाही. साहेब समोरच्या काळोखात बघत होते आणि त्या डोळ्यांत कोणीच नव्हतं. पडदा ओढणाऱ्याने दोरीला हात घातला, मी त्याचं मनगट धरलं. तेवढ्यात आमची बया, घरी दोन मराठी वाक्यांसाठी जिची मनधरणी करावी लागे, ती पुढे झाली. तिने त्यांचा तो मेलेला हात आपल्या हातात घेतला, त्यांना हळूच माझ्या विंगेकडे वळवलं आणि म्हणाली, "सांगा ना, डॉक्टर. मी थांबते." वहीत नव्हतंच ते.

त्यांना मी दिसले. मी नुसते ओठ हलवले, "बाळ."

"बाळ," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्या वकिलासारखा भरून आला, "गेलोय कुठे मी? इथेच तर आहे."

मग ते स्वतःच्या पायांनी चालत विंगेत आले. बाहेर टाळ्यांचा कडकडाट चालला होता. काका धावत आले, "काय पॉज घेतलात, साहेब! काळीज हललं हो!" साहेबांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "काका म्हणतात, पॉज होता," मी भाषांतर केलं. ते पुटपुटले, "तुला माहीत आहे काय होतं ते."

"पॉजच होता," मी म्हटलं.

पुढचं फार नाही. उन्हाळ्यात एकदा कामगारांसमोर ते शिडीवरून नेहमीसारखे पडले आणि उठलेच नाहीत. माणसं टाळ्या वाजवत राहिली. मी जाऊन बघितलं तर डोळे उघडे होते. मला म्हणाले, "आता पुढे काय असतं?" कंपनीने त्यांच्या मुलीला कळवलं. ती येऊन त्यांना घेऊन गेली. विमानतळावर आमच्या कामगारांच्या कॅम्पमधली काही माणसं कामावरच्या कपड्यांतच आली होती. "साहब, फिर आना, इन्शाल्ला," म्हणत होती. साहेब सगळ्यांशी हात मिळवत होते, पण कोणालाच ओळखत नव्हते. मी बाजूला खांबाआड जाऊन पोटभर रडून घेतलं.

मग काही वर्षं मी मधूनमधून फोन करत असे. शुक्रवारी दुपारी, आमच्या तालमीच्या वेळेला, तेव्हा तिकडे सकाळ असायची. आधी ते दोन-चार शब्द बोलत, मग नुसतं ऐकत. मुक्ता शिकायला पुण्याला गेली त्या वर्षी आमचा शेवटचा फोन झाला. साहेबांची मुलगी म्हणाली, महिना झाला, कोणाशीच बोलले नाहीत. मी म्हटलं, फोन त्यांच्या कानाला लाव. श्वास ऐकू आला तेव्हा मी मराठीत विचारलं, "डॉक्टर, परत कधी येणार?"

काही नाही. खूप वेळ काही नाही. शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. पण ते अडलेत की थांबलेत, हे इतक्या लांबून कळावं तरी कसं? शेवटी मुलीने फोन घेतला. "ही इज नॉट गोइंग टू आन्सर, यू नो," ती हळूच म्हणाली.

मी तिला विचारलं, त्यांचा डावा हात काय करतो आहे, तेवढं बघून सांग.

ती गोंधळली. मग म्हणाली, हलतो आहे. पांघरुणाच्या काठावरून बोटं फिरवताहेत.

"मग फोन त्यांच्या कानालाच असू दे," मी म्हटलं. "मी थांबते."