शेवंताबाईंनी मागितलेला बोगदा

अर्णव, मीरा, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईलाही नाही. तुम्हालाच का सांगते आहे? दूर आहात म्हणून असेल. समोर बसला असतात तर बहुधा मी चहा करायला उठले असते.

गेल्या महिन्यात, अर्णव, तू फोनवर नव्या कामाबद्दल सांगत होतास. अख्ख्या महानगराच्या पुढच्या पंचवीस वर्षांचा वाहतूक आराखडा, आणि त्यावर तिकडच्या केंद्र सरकारच्या अटी. लोकांना विचारलं, त्यांचं ऐकलं, अशी नोंद जोडल्याशिवाय पुढचं पान हलत नाही म्हणालास. मग हसून म्हणालास, "तसं काही नसतं गं आजी, शेवटी एक फॉर्म भरायचा असतो."

मी विषय बदलला. तुझ्या लक्षात आलं का?

तो फॉर्म मी भरलेला आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी आपल्या गावच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होते. पुणं वाढत वाढत जुन्नरकडे सरकणार, म्हणून वीस वर्षांचा रस्त्यांचा आराखडा निघाला होता. त्यात आपल्या गावाला बाहेरून वळसा घालणारा मोठा रस्ता होता. निधी दिल्लीचा, म्हणून अटही दिल्लीची: गावात सभा घ्या, हरकती नोंदवा, सभेचं इतिवृत्त इंग्रजीत पाठवा. एक जरी हरकत किंवा मागणी नोंदली गेली तरी दुसरा मार्ग तपासावा लागणार होता. आराखडा करणाऱ्या कंपनीचे साहेब माझ्याकडे आले. इतिवृत्त तुम्हीच लिहा म्हणाले; बाईंचं अक्षर चांगलं, बाईंचं इंग्रजी चांगलं. मला बरं वाटलं. ते कशाला लपवू?

सभा ठेवली ती नेमकी बेल्ह्याच्या बैलबाजाराच्या दिवशी. निम्मे पुरुष तिकडे गेलेले. चावडीत आल्या त्या बायका आणि म्हातारी माणसं. चहाच्या आधी रजिस्टर फिरलं. आपल्याकडे सह्या आधी होतात, मजकूर मागून लिहिला जातो. सही म्हणजे आल्याची खूण, एवढंच लोक धरून चालतात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

शेवंताबाई बौद्धवस्तीत राहायच्या, ओढ्यापलीकडे. दोन म्हशी, थोडी जमीन. माझ्या साक्षरता वर्गात सही शिकलेल्या. नवा रस्ता त्यांची वस्ती आणि गाव यांच्या बरोबर मधून जाणार होता. शाळा, डेअरी, एसटीचा थांबा, सगळं अलीकडे. त्या उभ्या राहिल्या.

"रस्ता करा की, आमी कुटं नाय म्हंतोय! पर आमच्या पोरांनी साळंत जायाचं कसं? खालनं येक बोगदा ठिवा. म्हस जाईल येवडा. लई मोटा नगं."

मागून कुणीतरी म्हणालं, "आक्का, म्हशीला बी इचारलं का?"

"इचारलं. ती म्हन्ली, ह्या इचारनाऱ्याला बोगद्यातनं आदी जाऊ द्यायचं न्हाई."

सगळे हसले. मीही हसले. आणि वहीत टिपून घेतलं, 'वस्तीसाठी भुयारी मार्ग हवा.' घेतलं होतं, हे खरं आहे.

मग ते इतिवृत्तात का आलं नाही?

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की साहेबांना एकच पान हवं होतं, नीटनेटकं. शेवंताबाईंचं बोलणं म्हशी, पोरं, शाळा असं पसरलेलं, ते इंग्रजीत कसं बसवायचं? हे खोटं आहे. याहून अवघड उतारे मी मुलांना शिकवत होते.

खरं असं — सभेनंतर साहेब आपल्या घरी चहाला आले आणि त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. त्यावर पेन्सिलीनं दुसरी एक रेघ होती. तपासायचा दुसरा मार्ग तोच. ती आपल्या द्राक्षबागेतून जात होती, विहिरीला लागून. हे नीट वाचा — त्यांनी मला काहीही सांगितलं नाही, सुचवलंही नाही. चहा पिऊन, नकाशा गुंडाळून ते गेले. मी टंकयंत्रावर कागद चढवला आणि लिहिलं: ग्रामस्थांनी प्रस्तावाचं स्वागत केलं. नो ऑब्जेक्शन. त्यामागे सह्यांचं पान टाचलं. त्यात मी शिकवलेली ती सहीही होती.

बाग राहिली. तुमची आई त्याच बागेवर शिकली, त्याच बागेवर परदेशी गेली.

रस्ता झाला. वस्तीतली माणसं दुधाच्या किटल्या घेऊन कडेला उभी राहायची, गाड्या थांबायची वाट बघत. दोन वर्षांनी एका सकाळी शेवंताबाईंचे यजमान, किसनराव, सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होते. टोमॅटोच्या टेम्पोनं उडवलं. जागीच गेले.

पंधरवड्यानं त्या माझ्याकडे आल्या. वस्ती अर्ज करणार होती, आतातरी बोगदा द्या म्हणून.

"बाई, माजं बोलनं तुमी लिवलंय नव्हं? त्याची येक नक्कल द्या. आमी आदीच सांगितलं व्हतं, आसं म्हनता यील."

मी कागद टाकत नाही, तुम्हाला माहीत आहे. इतिवृत्ताची प्रत आणि ती टिपणाची वही त्याच खोलीत, कपाटात होती. वही दिली असती तर त्यांचं म्हणणं सिद्ध झालं असतं — आणि मी काय केलं तेही. मी म्हणाले, "कागद सगळे दिल्लीला गेले. माझ्याकडे काही राहिलं नाही."

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमी तरी काय करनार."

अर्जाला उत्तर आलं: सभेत कोणतीही हरकत नोंदवली गेली नव्हती. बोगदा झाला नाही.

त्यानंतर एकदा मी डेअरीत रांगेत उभी होते. पुढे शेवंताबाई कुणाला तरी सांगत होत्या, "बाईंनी समदं लिवलं व्हतं राव. वरच्यांनीच गाळलं." त्यांना मी मागे असल्याचं माहीत नव्हतं. मी दूध न घेताच परत आले.

पुढे दर बुद्धपौर्णिमेला त्या माझ्यासाठी खिरीचा डबा आणायच्या, रस्ता ओलांडून. मी घ्यायचे. डबा घासून, पुसून परत करायचे. त्या गेल्या त्या वर्षी त्यांच्या सुनेनं आणला. म्हणाली, "आत्याबाई सांगून गेल्यात, बाईंचा डबा चुकवायचा न्हाई."

तोही मी घेतला.