लाल इकडे, कच्चे तिकडे

मला लाल आणि हिरव्यातला फरक धड कळत नाही. जन्मापासूनच. असा माणूस दिंडोरी तालुक्यातल्या एका शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग हमखास विचारतात, "मग सर, झाडं कशी दिसतात तुम्हाला?" झाडासारखी दिसतात, बाबांनो, आणखी कशी दिसणार! माझे मोजे बायको जोडीजोडीनं गाठ मारून ठेवते. ती माहेरी गेली की मी शाळेत चपला घालून जातो.

बारावीला आनुवंशिकतेचा धडा आला की मी दरवर्षी एक खेळ करतो. त्या दिवसांत आमच्या भागात टोमॅटोचा हंगाम भरात असतो, त्यामुळे सामान फुकट. मुलांनाच सांगायचं, घरून लाल, कच्चे, अर्धवट रंग धरलेले असे मिसळून आणा. टेबलावर ढीग ओतायचा. मी पट्टीनं दाखवणार, "हा लाल, इकडे. हा कच्चा, तिकडे," आणि कुणीतरी उचलून ठेवणार. मी हात लावायचा नाही, कारण कच्चा की पिकलेला ते हाताला लगेच कळतं. चार टोमॅटो झाले की वर्गात खसखस पिकते आणि थोड्या वेळानं बाकं वाजायला लागतात. वर्षभर ज्याचा ओरडा खायचा त्याची फजिती फुकटात बघायला मिळाल्यावर मुलं सोडतात होय! धडा पुस्तकातून शिकवला तर परीक्षेपर्यंत टिकतो. असा शिकवला की जुनी मुलं लग्नाच्या पंगतीत भेटली तरी विचारतात, "सर, हा लाडू आहे की पेरू?"

त्या वर्षीही वर्ग असाच पोट धरून हसत होता. पण मधल्या बाकावरची एक मुलगी हसत नव्हती. कपाळाला आठ्या घालून ती दोन्ही ढिगांकडे बघत होती. शेवटी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, बरोबर तर केलंय की तुम्ही. हे हसतायत का?"

वर्ग आणखीच उसळला. सगळ्यांना वाटलं, सरांना मस्का लावतेय. मी मात्र ओळखलं.

"बस खाली!" मी खेकसलो. "मस्का लावून प्रॅक्टिकलचे मार्क वाढत नसतात." आणि टोमॅटो पिशवीत कोंबून मी उरलेला तास लस कशी काम करते यावर घालवला. कोरोनापासून मुलांना त्यात रस असतो, कुणाला संशय आला नाही.

विषय बदलायला कारण होतं. खेळ झाला की फळ्यावर पुढची ओळ मीच लिहितो. हा दोष एक्स गुणसूत्रावर बसून येतो. मुलाकडे एक्स एकच, तो बिघडला की संपलं, म्हणून आमच्या पार्टीत बहुतेक सगळे पुरुषच. मुलीकडे दोन एक्स, एक आईचा, एक बापाचा. एक जरी चांगला असला तरी तिचं भागतं. मुलगीच रंगांधळी निघाली तर दोन्ही बिघडलेले, आणि बापाकडे द्यायला एकच एक्स असतो, म्हणजे बापही रंगांधळा. ही ओळ लिहिली असती तर वर्गातल्या एखाद्या हुशार कार्ट्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलंच असतं. मुलं मीच शिकवून ठेवलेली, दोष कुणाला देणार?

त्या मुलीला मी शाळेबाहेरही ओळखत होतो. सकाळी नाशिकहून मोटारसायकलवर येताना द्राक्षबागांच्या कडेनं ती धावताना दिसायची. पोलीस भरतीची तयारी. खेळाच्या सरांकडून लोखंडी गोळा मागून नेऊन मळ्यात फेकायची. घरी तिचा करार झालेला होता: भरती होईपर्यंत लग्नाचा विषय काढायचा नाही. आत्यानं तिला लहानपणीच आपल्या मुलासाठी मागून ठेवलं होतं. पण वडील म्हणाले होते, वर्दी मिळाली तर आत्यालाही थांबायला सांगू. हे सगळं तिनंच मला एकदा धापा टाकत रस्त्यावर सांगितलं होतं, आणि वर म्हणाली होती, "सर, तुम्हाला सिग्नल तोडताना मीच पकडणार."

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत तिला प्रयोगशाळेत बोलावलं. मोबाइलवर ते रंगीत ठिपक्यांचं चित्र काढलं, ज्यात बाकीच्यांना आकडा दिसतो. तिनं मोबाइल जवळ धरला, लांब धरला, तिरका केला.

"सर, नेट स्लो आहे का?"

मी मोबाइल तिच्या हातातून काढून घेतला. कारण कॉलेज संपल्या संपल्या रेल्वेच्या नोकरीच्या मेडिकलला मीही असंच विचारलं होतं, "डॉक्टर, पान कोरं आहे का?" लेखी परीक्षा पास, धावणं पास, आईनं गल्लीत पेढे वाटलेले, आणि शेवटच्या टेबलावर एका पानानं मला घरी पाठवलं. तिची लेखी व्हायची होती, मैदान व्हायचं होतं. तिला मी ते शेवटचं टेबल आजच दाखवत होतो.

तिला सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत होती. मग एकच प्रश्न विचारला, "भरतीला चालतं?"

"नाही गं बाळा. मेडिकलला रंग तपासतात."

"रीलमध्ये एक चष्मा दाखवतात, तो लावल्यावर?"

"त्यानं थोडा फरक पडतो म्हणतात. पण तपासणीला चष्मा लावून बसू देत नाहीत."

"आणि ते जीन एडिटिंग? तुम्हीच शिकवलं ना, बिघडलेला जीन कापून दुरुस्त करतात."

"प्रयोग चालू आहेत. पण तुझ्या भरतीपर्यंत काही होणार नाही."

मी शिकवलेलं एकेक तिनं आशेनं पुढे केलं आणि मी एकेक नाही म्हणत गेलो. असा तास वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. ती रडली नाही. "पाणी पिऊन येते," म्हणून गेली ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर नव्हती, वर्गातही नव्हती. तिसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीनं हळूच सांगितलं, "सर, तिचं ठरतंय. रविवारी आत्या येणार आहे."

शाळा सुटल्यावर मी थेट त्यांच्या मळ्यात गेलो.

शेडमध्ये टोमॅटोची तोडणी येऊन पडली होती. तिचे वडील क्रेट भरत होते, आई पलीकडे बसली होती, आणि ती खाली मान घालून कागद अंथरत होती. वडिलांनी पाणी दिलं, खाट टाकली. माणूस सरळ. पण चेहरा उतरलेला.

"सर, पोरीच्या डोळ्यात दोष निघाला म्हणं. आता भरती नाय. मग अजून शिकवून काय करायचं? गावात बोभाटा व्हायच्या आत देऊन टाकतो बहिणीकडं. घरातल्या घरात झाकून जाईल."

"झाकून जाईल?"

"खोट हाय ना सर पोरीत. बाहेरचं कोण करणार तिला?"

मुलगी तिथंच बसलेली होती हो! तिच्या कागदाची घडी तशीच हातात राहिली. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही, हे अख्ख्या शाळेला ठाऊक आहे. मी खाटेवरून उठलोच.

"खोट असेल तर आधी तुमच्यात आहे, भाऊ! तुमच्यात आहे आणि माझ्यातही आहे!"

ते क्रेट सोडून उठले. मी म्हटलं, या इकडे. ढिगातले दोन हातांत मावतील तेवढे टोमॅटो मी जमिनीवर पसरले. "हात लावायचा नाही, दाबायचं नाही. नुसतं बघून सांगा. लाल इकडे, कच्चे तिकडे." ते आधी हसले, शेतकऱ्याला टमाटे ओळखायला लावता व्हय म्हणाले. मग बोटानं दाखवू लागले. मुलगी उचलून ठेवत गेली. मी उकिडवा बसून बघत होतो आणि मला त्यात काही चूक दिसत नव्हती. मुलीलाही दिसत नव्हती. तिघंही मोठ्या गंभीरपणे त्या दोन ढिगांकडे बघत होतो, आणि तेवढ्यात मागून फसकन हसू आलं.

तिच्या आईनं तोंडाला पदर लावला होता. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पाणी थांबेना.

"अगं, काय झालं?" वडील म्हणाले.

"काय व्हायचं? लग्न झालं त्या वर्षापासून बघतीय मी हे." आई माझ्याकडे वळून सांगू लागली. ती नवऱ्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. तिचे वडीलही तसेच होते. एकदा राखाडी समजून गुलाबी कापडाचा शर्ट शिवून घेतला आणि तो घालून बाजारात गेले, गाव हसून लोळलं, तेव्हापासून ते बाजाराला जायचेच बंद झाले. "यांचं तसं होऊ द्यायचं नव्हतं मला. हे चहाला गेले की मी क्रेट बघते. कच्चे काढते, लाल घालते. पोरीचेबी तसेच बघते."

"मग बोलली का नाय कधी?"

"चारचौघांत तुमचं हसं झालं असतं. कशाला बोलायचं?"

वडिलांनी ढिगातला एक टोमॅटो उचलला. तो फिरवून फिरवून बघितला. मग मुलीकडे बघितलं. "आन क्रेटमध्ये हाताला कडक टमाटे लागले की मी हिलाच लहानपणापासून बोलत आलो. कच्चे तोडले, कच्चे तोडले. एकदा तर हात उगारला सर मी. हे माझ्याकडूनच गेलंय व्हय तिच्यात?"

"तुमच्याकडून अर्धं, ताईंकडून अर्धं," मी म्हटलं. "दोघांचं मूळ एकाच घरात, तुमच्या आजोळी."

"पप्पा, असू द्या हो," मुलगी म्हणाली. तीन दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मग वडिलांनी मला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. "सर, बहिणीच्या पोराला दिली तर पुढच्या लेकरांनाबी हे होईल का?" खरं सांगतो, मोह झाला. नात्यातलं लग्न म्हणूनच हा सगळा घोटाळा होईल अशी भीती घातली असती तर रविवारची बैठक तिथंच मोडली असती. पण जन्मभर जे शिकवलं त्यातच खोटं घालायचं म्हणजे माझ्याजवळ राहिलं काय? "होईल. हिला मुलगे झाले तर ते आमच्याच पार्टीतले. नवरा आत्याचा मुलगा असो नाहीतर आणखी कोणी असो, त्यानं मुलग्यांचं काही बदलत नाही. पण भाऊ, हे झाकायचं दुखणं नाही. हे घेऊन तुम्ही शेती केलीत, मी मास्तरकी केली. हिच्यापुढं एक दार बंद झालंय. तुम्ही बाकीची कशाला बंद करता? मला मुलगी वर्गात पाहिजे. बस्स!"

ते पुन्हा क्रेट भरायला बसले. मी गाडीला किक मारली. येताना सबंध रस्ता स्वतःवर चिडत आलो, की शेवटी ओरडायला नको होतं.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी मी हजेरी घेताना तिच्या नावाशी अडखळलो आणि उगाच पहिल्या बाकावरच्या मुलावर डाफरलो. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

बुधवारी शाळेच्या फाटकात मोटारसायकल थांबली. पुढे तिचे वडील, मागे ती, पाठीला दप्तर, आणि दोघांच्या मध्ये टोमॅटोचा क्रेट.

"दोन दिवस बहीण हालली नाय सर," ते म्हणाले. "रुसली, जेवली नाय, माझ्या आईची शपथ घातली. मी म्हणलं, पोरगी शिकतीय. आन दोष पोरीचा नाय, माझा हाय, मला काय बोलायचं ते बोल. गेली शेवटी काल."

मी मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "सर, मी खेळाची मॅडम होणार. तिथं रंग तपासतात का?"

"शिट्टीला कुठं रंग असतो गं!" मी म्हटलं. "पळ आता वर्गात. बुडालेलं सगळं उतरवून काढ, नाहीतर टोमॅटोऐवजी तुलाच टेबलावर बसवीन."

ती पळाली. भरतीच्या मैदानावर पळाली असती तशीच, पायऱ्या गाळत. तिचे वडील तिच्याकडे बघत उभे होते, मग क्रेट माझ्या गाडीला स्वतःच्या हातानं बांधून दिला. "तुमच्यासाठी सर. पयल्यांदा सगळे मी निवडलेत, नुसते बघून, न दाबता. हिच्या आईला म्हणलं, तू हात लावायचा नाय."

घरी आलो तेव्हा मला कोण अभिमान! बायकोला हाक मारली, बघ म्हटलं, कसे एकसारखे लालबुंद निवडून दिलेत. ती पदराला हात पुसत आली, क्रेटमध्ये डोकावली आणि दाराला टेकून हसायलाच लागली.

"अहो, अर्धे हिरवे आहेत. कोणी निवडले हे?"

मी वाकून पुन्हा नीट बघितलं. मला तर त्यात एकही कच्चा दिसला नाही.