नऊ-दोनची बांगडी

विज्ञानावर माझी अढळ निष्ठा आहे. निदान बॅटरी चार्ज असेपर्यंत. भूत, भानामती, अंगात येणं — यातलं मी काहीही मानलं नाही, आजही मानत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून काही जण गंडेदोऱ्यांसाठी पत्ता विचारतील. माझ्याकडे नाही.

मी एमएसडब्ल्यू करत होते. विषय — मुळशीतल्या बायकांचा रक्तक्षय. रिहे गावात घरोघर जायचं, बोटाला सुई टोचायची, मशीनवर हिमोग्लोबिनचा आकडा आला की फॉर्मवर लिहायचा. तिथल्याच एका आळीत पौडच्या शमाभाभी बांगड्या भरत फिरायच्या. एकीचा हात दाबून बांगडी चढवता चढवता त्या म्हणाल्या, "नऊ-दोन." मला वाटलं, माप असेल. पण नऊ-दोनची बांगडी हत्तिणीला होते.

मग मी त्या बाईला सुई टोचली. मशीनवर ९.२.

योगायोग, मी म्हटलं. त्या आळीत पुढच्या प्रत्येक घरी भाभींचा आकडा आधी, माझा नंतर... आणि दरवेळी तोच.

"भाभी, कसं कळतं?"

"हात हातात घेतला की कळतं. तुमी सुई कशाला टोचता, बाया बोंबलतात."

त्याच आठवड्यात आळीतल्या सुनंदाचं डोहाळजेवण होतं. सातवा महिना. हिरवा चुडा भरायला भाभी, तपासायला मी. भाभींनी तिचा हात धरला आणि काढलेली बांगडी परत टोपलीत ठेवली.

"साडेपाच. ताई, हिला आत्ताच दवाखान्यात न्या."

मी टोचलं. १०.८. दुसऱ्या बोटाला टोचलं. १०.८.

सुनंदाची सासू कमरेवर हात ठेवून उभी. "मशीन चांगलं म्हणतंय न्हवं? मग पावणं घरात बसवून हिला कुटं नेऊ?"

"मशीनला लेकरू व्हायचंय व्हय?" भाभी म्हणाल्या.

माझ्या एका हातात कंपनीचा शिक्का असलेलं यंत्र, समोर काचेच्या बांगड्यांची टोपली. मी सुनंदाच्या तोंडाकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा विज्ञानाच्या नावानं खोटं बोलले.

"आत्या, मशीन बिघडलंय. चला."

दवाखान्याच्या लॅबचा आकडा — ५.५. संध्याकाळच्या आत रक्त चढवलं. "अशीच बाळंतपणाला आणली असती तर आमच्या हातात काही नव्हतं," डॉक्टर म्हणाले. सुनंदाची मुलगी आता रांगते.

मशीन कंपनीकडे पाठवलं. उत्तर आलं : दोष आढळला नाही.

"हाताचा फिकटपणा बघत असतील," आमचे गाईड म्हणाले. "प्रबंधातून ते काढून टाक. परीक्षक हसतील."

"हसू देत, सर. फिकटपणा दशांशात बोलत नाही."

भाभींच्या आकड्यांचा रकाना मी ठेवला. त्यांच्या परवानगीनं, त्यांच्या नावासकट.

परीक्षक हसले की नाही ते कळलं नाही, पण संशोधनाला पुरस्कार मिळाला. भूगावच्या एका मंगल कार्यालयात समारंभ. शाल, श्रीफळ आणि मानपत्र — त्यातल्या विशेषणांपैकी निम्मी मी माझ्या लग्नासाठी राखून ठेवली आहेत. निवेदकानं आधीच बजावलं होतं, "तो बांगड्यांचा विषय नको हं मॅडम, पाहुणे मोठे आहेत."

माईकवर माझं पहिलं वाक्य बांगड्यांचंच होतं. भाभींना मी स्वतः घेऊन आले होते. त्यांना वर बोलावलं, शाल त्यांच्या खांद्यावर घातली. टाळ्या तुरळक. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं.

भाभींनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. फोटोग्राफर धावला. सगळ्यांना वाटलं, आशीर्वाद देतायत.

"आठ-चार," त्या पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तपासून घेतलं. ८.४. भाभींना हे कसं कळतं आणि सुनंदाच्याच बाबतीत मशीन का चुकलं, ते मला आजही सांगता येत नाही.

जेवणानंतर लोहाची गोळी घेते. चहा कमी करायला सांगितलाय.