गळ्यातली थोरली

मी लग्न होऊन आले तेव्हा माझी सवत मरून गेलेली होती, आणि तरी घरात मोठी तीच होती. मांडवातच सासूबाईंनी काळ्या गोफात ओवलेली चांदीची पुतळी माझ्या गळ्यात बांधली. बोटाच्या पेराएवढी बाई, हात जोडून उभी. ही तुझी थोरली, म्हणाल्या. काही खायचं तर आधी तिला दाखवायचं, नवं काही ल्यायचं तर आधी तिला लावायचं, मग आपण. आमच्या मोगलाईत, निजामाच्या मुलखात, दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यात अशी पुतळी असायचीच. गेवराईच्या सोनाराकडे ठसा मात्र एकच होता, त्यामुळे पंचक्रोशीतल्या सगळ्या मेलेल्या सवती सख्ख्या बहिणींसारख्या दिसत.

सवत मातीची असली तरी नको, असं बायका म्हणतात. मला माझी चांदीची फार जड गेली नाही. उलट सोबतच झाली. मी जात्याच बडबडी, आणि नव्या सुनेनं बोलायचं कुणाशी? सासूबाई शब्द तोलून वापरायच्या, मालक दिवसभर शिवारात. मग मी थोरलीशी बोलायची. भाकरी थापताना तिला सांगायची, बघ बाई, आज पीठ जाडं आलंय. वांग्याची भाजी दाखवताना म्हणायची, तुला आवडत नसली तर मला सांगू नको, मला आवडते. पाणवठ्यावरच्या बायका हसायच्या, हिनं सवत गळ्यात घातली की हीच सवतीच्या गळ्यात पडली, म्हणायच्या. मी म्हणे, तुमच्या जावा तरी तुमचं ऐकून घेतात का? माझी थोरली मुकाट्यानं ऐकते.

एकच गोष्ट मला सलायची. मला माहेर नव्हतं. आईबाप प्लेगात गेले. मामानं वाढवलं, पण मामीनं पाठवणी केली ती परत न बोलावण्यासाठीच. पंचमीला गावातल्या सगळ्या सुना गाठोडी बांधून निघायच्या आणि मी ओट्यावर बसून कुणाच्या बैलाला कोणती झूल आहे ते बघायची. आपल्यात रीत अशी, की थोरलीचं माहेर तेच धाकटीचं माहेर. म्हणजे रीतीनं मलाही एक आई होती. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पलीकडच्या काठाला, आमच्या गावाच्या जवळजवळ समोरच तिचं गाव. कोरड्या दिवसांत तिथली देवळाची दिवली दिसायची. पण त्या घरातून बोलावणं कधी आलं नाही.

का येत नाही, ते मला शेजारणीनं सांगितलं. थोरली बाळंतपणात गेली, ती सासरी. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून तिच्या आईनं भादव्यात माणसं पाठवली होती. गूळ करायची मोठी काहील असते ना, तिच्यात बसून पुराच्या दिवसांत आम्ही लोक गंगा ओलांडत असू. ती काहील इकडच्या काठाला येऊन लागली, आणि सासूबाईंनी निरोप दिला, पाणी उतरू द्या, मग न्या. पाणी उतरायच्या आत पोर अडली आणि दोन्ही जीव गेले. सासूबाईंनी काही वाईट मनानं केलं नव्हतं, पुराची भीती कुणाला नसते? पण त्या आईनं तेव्हापासून या घराचं पाणी वर्ज्य केलं होतं.

दर वर्षी पितरपाटात अहेव नवमी यायची. नवऱ्याच्या मागं नव्हे, आधी गेलेल्या बायकांची ती तिथ. त्या दिवशी गेलेलीच्या नावानं सवाष्ण जेवायला बसते, आणि आमच्याकडे तो मान गेलेलीच्या माहेरचा. सवाष्ण जेवली म्हणजे ती जेवली. सासूबाई दर वर्षी पलीकडे निरोप धाडायच्या, कुणी यायचं नाही, मग भावकीतली एखादी काकू बसवायच्या. काकू भरपूर जेवायची, पण घराला ते जेवण पोचल्यासारखं वाटायचं नाही.

मला दिवस गेले त्या वर्षी सासूबाईंनी निरोपात तेवढी एक ओळ जास्त घातली असावी. नवमीच्या सकाळी मी पुरण वाटत होते, पोट पाट्याला टेकत होतं, आणि दारात एक उंच, काळीसावळी बाई उभी. लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत ओला. कपाळावर ठसठशीत कुंकू. मी कधी पाहिली नव्हती तरी ओळखली, कारण सासूबाईंच्या हातातला तांब्या तसाच हातात राहिला.

 पाय धुवायला पाणी दिलं, ते घेतलं. पाटावर बसली. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली, लुगडं दिलं, पान वाढलं. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया, सगळं. आणि ती बाई हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पानाला हात लावीना.

सवाष्ण जेवल्याशिवाय घरात कुणी तोंडात पाणी घालायचं नाही. दहाव्याला कावळा शिवेना म्हणजे माणसं कशी एकेक इच्छा बोलून बघतात, तसं सुरू झालं, फक्त कावळ्याच्या जागी ही जितीजागती बाई होती. सासरे ओसरीवरून म्हणाले, पोरीच्या नावानं वेशीजवळ पाणपोई घालू. ती बसलेलीच. सासूबाई म्हणाल्या, चांदीची पुतळी मोडून सोन्याची करू. भावकीतली काकू म्हणाली, लुगडं मनाला आलं नसंल, दुसरं आणू. सासरे भुकेचे कच्चे, ते नुसते खाकरत होते. मालक खांबाला टेकून खाली बघत होते. तोंडात घास असल्यासारखा त्यांचा जबडा नुसताच हलत होता.

मी तूप वाढायला वाकले. ती माझ्या गळ्यातल्या पुतळीकडे बघत होती. इतक्या जवळून मी तिचे डोळे पाहिले आणि मला कळलं, हिला पाणपोई नको आणि सोनंही नको. मला खरं सांगायचं तर तिची दया आली नाही, मला माझीच आली. मला भीती वाटत होती. त्याच घरात, त्याच खोलीत, त्याच दिवसांत माझी वेळ येणार होती, आणि ते कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. सुनेनं मोठ्यांपुढं तोंड उघडायचं नसतं. मी तुपाची वाटी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी बसले.

"माय," मी म्हटलं, "मला बाळंतपणाला न्या."

ओसरीवरचं खाकरणं थांबलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. सासूबाई पुढं झाल्या आणि सवयीनं बोलून गेल्या, "न्या की ईनबाई, न्हाई कोण म्हणतं? जरा पाणी उतरलं की..."

आणि त्या तिथंच थांबल्या. त्यांनीच आपल्या तोंडावर हात ठेवला. त्या बाईनं तेव्हा पहिल्यांदा मान वर करून सासूबाईंकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. सासूबाईंना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या भिंतीला धरून खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या.

मग डोळे पुसून म्हणाल्या, "न्या. आजच न्या. पाणी असू द्या."

त्या आईनं पुरणपोळीचा घास मोडला. आधी माझ्या गळ्यातल्या पुतळीला लावला, मग मला भरवला. दुसरा मोडला तो स्वतः खाल्ला, आणि मग एकही पदार्थ न टाकता पान साफ केलं. कटाची आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली. सासरे पानावर बसले तेव्हा म्हणाले, असं जेवण या घरात कित्येक वर्षांत झालं नव्हतं. खरं तर पोळ्या गार झाल्या होत्या.

खरं सांगू का, पाणी उतरेपर्यंत थांबणं शहाणपणाचंच होतं. पण त्या दिवशी शहाणपण कुणाच्याच तोंडून निघेना. दुपारीच मी निघाले. सासूबाई काठापर्यंत आल्या, माझं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेऊन. माय आली होती त्याच काहिलीत मला मधोमध बसवलं, चार भोई कडा धरून पोहत होते, आणि काहील मधूनच गरकन फिरायची तेव्हा माय माझा दंड असा धरायची की चार दिवस वळ राहिले. तिला बोलायची सवय नव्हती. धार ओलांडून संथ पाण्यात आलो तेव्हा एवढंच विचारलं, "तिच्याशी बोलती म्हणं तू. कावून?"

मी म्हटलं, "दुसरं हाय कोण मला?"

 काठ येईपर्यंत तिनं माझा दंड सोडला नाही.

बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली, हे इथंच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पुढं पंचमीला मी इतकी नेमानं जाऊ लागले की मालकच कुरकुरायला लागले. सासूबाईही एकदा माझ्याबरोबर आल्या आणि दोघी विहिणी वाती वळत बसल्या. पण मला आठवतो तो पहिला दिवस. काठावरून चढून आम्ही घरी पोचलो तेव्हा माझे पाय चिखलानं भरलेले, ओटीपोट ओढलेलं. मी सरळ उंबऱ्यात पाय टाकायला गेले, तर तिनं मला अडवलं. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि भाकरी घेऊन आली. लेक माहेरी आली की भाकरतुकडा ओवाळून टाकतात, ते मी दुसऱ्यांच्या दारात लहानपणापासून पाहिलं होतं. माझ्यावरून कुणी कधी ओवाळला नव्हता.

तिनं एक तुकडा मोडला, माझ्यावरून ओवाळून डावीकडं टाकला. मग दुसरा मोडला, माझ्या गळ्याशी आणून पुतळीवरून ओवाळला आणि उजवीकडं टाकला. माझ्या पायांवर पाणी घातलं आणि दारातून बाजूला झाली.

"या गं पोरींनो," म्हणाली, "लई येळ लावला."