दाराखालची पाचर

माझं अक्षर सुंदर होतं. स्वतःच स्वतःचं कौतुक करतोय म्हणा, पण पुढचा सगळा घोळ त्याच अक्षराने घातला. तलासरीकडच्या एका लहानशा धरणावर मी बारा वर्षं नोंदी लिहिल्या. धरणाचं पाणी आधी छोट्या वीजघरातून फिरायचं आणि मग कालव्याने डहाणूच्या बाजूला, भाताला आणि चिकूच्या वाड्यांना जायचं. होळी झाली की नदीकडचं दार पूर्ण बंद करायचं, असा हुकूम होता. नदीत सोडलेलं पाणी म्हणजे वीजही बुडाली आणि शेतीही, असा साधा हिशोब.

पण धरणाखाली एक डोह होता. त्यात मोठ्या खवल्यांचे, हातभर लांब खडस मासे असत. शेजारच्या पाड्यावरची माणसं सगळ्या नदीत जाळी टाकत, त्या डोहात कधीच नाही. ते देवाचे मासे होते. नव्या भाताची पहिली मूठसुद्धा त्यांना जायची.

दार चालवणारे काका त्याच पाड्यावरचे. दार खाली घेताना ते त्याच्याखाली सागाची पाचर सरकवत. दार टेकायचं नाही आणि फटीतून मनगटाएवढी धार वैशाखभर डोहात पडत राहायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्यावर चांगलाच उखडलो. ते शांतपणे म्हणाले, "सायेब, तुमचा कागद बंद राहू द्या. माझा दार जरा उघडा राहला तं कोनाचा काय जाते?"

मी कागद बंद ठेवला. रोज सकाळी गोलाईदार अक्षरात लिहायचो : नदीचे दार पूर्ण बंद, गळती नाही. मग आम्ही दोघं दारावरच्या कठड्याशी बसून गवती चहा प्यायचो. काका भाकरीचा तुकडा खाली टाकत, पाणी फुटे आणि एखादी तांबूस पाठ वळताना दिसे. पुढे मला बढती मिळाली, चार गावं फिरलो, पण इतकं बिनघोर पुन्हा कुठे बसलो नाही. त्या सकाळींची मला अजून फार आठवण येते.

काका गेले. मागाहून दाराला मोटर आणि रबरी पट्टी बसली. आता थेंब गळत नाही आणि डोह चैत्रातच गुडघाभर होतो.

यंदा नव्या कायद्याचा मसुदा आला. मी दोनदा वाचला. वीजघराने किती पाणी घ्यावं, विजेच्या पैशातला किती वाटा नदीला द्यावा, दुर्मिळ माशांसाठी कुठे धार सोडावी, सगळं शहाण्या माणसांनी लिहिलेलं. धार मात्र तिथेच मिळणार, जिथे पूर्वी उन्हाळ्यात पाणी वाहत असल्याची सरकारी नोंद आहे. ते वाचलं आणि मला माझ्या वह्या आठवल्या.

मसुद्यावर तलासरीत सुनावणी झाली. मी शेवटच्या खुर्चीत. काकांची मुलगी माइकसमोर उभी राहिली. "माझा बाबा दाराखाली पाचर लावत होता. वैशाखात पन डोहात पानी वाहत होता."

सुनावणी घेणारे अधिकारी तरुण होते, बोलायला नम्र. त्यांनी जुनी वही तिच्याकडे फिरवली. "ताई, बारा वर्षं रोज 'गळती नाही' लिहिलंय. इतक्या नेटक्या नोंदी मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत."

तिच्या बापाला मी भर सभेत खोटं पाडलं होतं, तेही सुवाच्य अक्षरात. मी उठलो.

"त्या नोंदी माझ्या आहेत. आणि खोट्या आहेत."

"लेखी द्याल? चौकशी लागू शकते, पेन्शनवरही येईल."

मी तिथेच लिहून दिलं. अधिकाऱ्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "सर, तेव्हा खोटं लिहिलंत, तर आज खरं लिहिताय हे मी कशावरून धरू?"

काकांच्या मुलीने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या नावाखाली साक्षीदार म्हणून सही केली.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "आता धार सोडतील ना?"

हो म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. जन्मभर मी अशीच नीटनेटकी उत्तरं दिली.

"माहीत नाही," मी म्हणालो.

ती रिक्षात बसून निघून गेली. डोहात आज किती मासे उरलेत, हे तिला विचारायचं धाडस मला झालं नाही.